तार की बिनतारी? दौंड-दिघीला १९२७ साली लागलेली शर्यत

इंदापूर तालुक्यातील शेळगावात आज एखाद्या घरी इंटरनेट घ्यायचे ठरले, की पहिला वाद एकाच मुद्द्यावर होतो. खांबावरून फायबरची तार घरात ओढून घ्यावी, की टॉवरवरून हवेतून येणाऱ्या जोडणीवर भागवावे? वेग कोणाचा जास्त? प्रश्न नव्या पिढीचा वाटतो. परंतु शेजारच्याच दौंडमध्ये हा प्रश्न १९२७ साली उभा राहिला होता, आणि त्याच्या उत्तरावर ब्रिटिश साम्राज्यातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीचे अस्तित्व टांगणीला लागले होते. 🧵

आधी तारेची बाजू. फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातील जगातले सर्वांत मोठे जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने निघाले. त्याच्या पोटात हजारो मैल लांबीची समुद्री तार गुंडाळलेली होती. त्याच वर्षीच्या जूनपर्यंत मुंबई, एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर आणि इंग्लंडचा पोर्थकर्नो किनारा ही साखळी पूर्ण झाली. त्यापूर्वी खुष्कीच्या मार्गाने इराणच्या आखातातून जाणारा संदेश कित्येक दिवस रखडे आणि वाटेतल्या परभाषिक कारकुनांच्या हातून इतका विद्रूप होई, की पोहोचल्यावर त्याचा अर्थ लावत बसावे लागे. समुद्री तारेने हे अंतर काही तासांवर आणले. पुढे या मार्गाची मालकी ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीकडे गेली आणि तिने जवळपास अर्धशतक मक्तेदारीचे सुख उपभोगले.

मात्र समुद्री तारेला एक जन्मजात दुखणे होते. पाण्याखालची लांब तार विजेचा ठोका जसाच्या तसा पुढे नेत नाही. एका टोकाला दिलेला टोकदार ठोका दुसऱ्या टोकाला पसरट, लांबट होऊन बाहेर पडतो. दोन ठोके घाईने दिले तर ते एकमेकांत मिसळतात. विल्यम थॉमसन यांनी १८५० च्या दशकातच दाखवून दिले होते, की तारेची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो. १८५८ सालच्या पहिल्या अटलांटिक तारेवरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला १६ तास लागले होते, म्हणजे एका शब्दाला जवळपास १० मिनिटे! पुढे जाड तांबे, उत्तम वेष्टन आणि संवेदनशील ग्राहकयंत्रे यांमुळे हा वेग कैक पटींनी वाढला. तरीही तो मिनिटाला काही डझन शब्दांच्या घरातच घुटमळत राहिला.

आता बिनतारीचा प्रवेश. गुल्येल्मो मार्कोनी यांच्या कंपनीने जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी एक करार केला. अवाढव्य वीज खाणाऱ्या दीर्घलहरी केंद्रांऐवजी लघुलहरींचा झोत एका ठराविक दिशेला सोडायचा, अशी ती 'बीम' पद्धत होती. उंच मनोऱ्यांवर तारांचा पडदा टांगायचा, त्याच्या मागे परावर्तक पडदा लावायचा. दिव्याच्या मागे आरसा असावा तसा. भारतासाठी इंग्लंडमधील केंद्रे ग्रिम्स्बी आणि स्केग्नेस येथे होती. इकडे पाठवणारे केंद्र पुण्याजवळ दिघीला आणि ऐकणारे केंद्र दौंडला उभारले गेले. दोन्ही एकाच जागी का नाहीत? कारण स्वतःच्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात हजारो मैलांवरून आलेली क्षीण कुजबूज बुडून जाते. हे काम इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने केले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते जुलै १९२७ मध्ये उद्घाटन झाले आणि सप्टेंबरपासून सेवा जनतेसाठी खुली झाली.

करारातील हमी नीट वाचण्यासारखी आहे. प्रत्येकी पाच अक्षरांचे १०० शब्द दर मिनिटाला, दोन्ही दिशांनी. त्या काळच्या समुद्री तारेला हा वेग सहज मागे टाकणारा होता, दरही स्वस्त होते. पण त्याच वाक्याचा उत्तरार्ध असा, की हा वेग भारतासाठी दररोज सरासरी १२ तास मिळेल. कॅनडासाठी १८ तास, ऑस्ट्रेलियासाठी अवघे ७. उरलेल्या वेळात काय मिळेल, हे आकाशावर अवलंबून. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होत जातात, आणि तो थर सूर्याच्या कलाने बदलतो. म्हणून दिवसासाठी एक तरंगलांबी, रात्रीसाठी दुसरी. सूर्यावर वादळ झाले की दोन्ही निरुपयोगी. आजच्या जाहिरातींत वेगाच्या आकड्याआधी बारीक अक्षरांत 'पर्यंत' हा शब्द असतो. मार्कोनींच्या करारात निदान तासांचा हिशेब उघडपणे मांडलेला होता!

त्या १०० शब्दांचे आजच्या मापात रूपांतर केले तर सेकंदाला ८० बिटांच्या आसपास भरतात. शेळगावातील १०० एमबीपीएसची साधी फायबर जोडणी त्याच्या बारा लाख पटींहून वेगवान ठरते.

आणखी एक गोष्ट बहुतेक वर्णनांत सुटून जाते. दिघी आणि दौंड ही केंद्रे 'बिनतारी' होती खरी, पण मुंबईचा व्यापारी आपला संदेश घेऊन दौंडला जात नव्हता. संदेश मुंबईच्या कचेरीत दिला जाई आणि तिथून जमिनीवरील तारेने दिघीला पोहोचे. उत्तर दौंडला उतरे आणि पुन्हा तारेनेच मुंबईला येई. समुद्र ओलांडण्यापुरती हवा, बाकी तारच. आजचा मोबाइल टॉवरही याच वंशातला. टॉवरपासून हातातल्या फोनपर्यंतचा टप्पा तेवढा हवेतला. टॉवरच्या मागे बहुधा जमिनीत पुरलेली फायबर असते. ती नसेल तर आणखी एक बिनतारी दुवा असतो आणि तो पुढे कुठेतरी फायबरलाच जाऊन मिळतो.

शर्यतीचा निकाल झपाट्याने लागला. कापसाचे व्यापारी, बँका, वृत्तपत्रे यांना एका शब्दामागे वाचणारा पैसा मोलाचा होता. (मुंबईच्या कापूस बाजाराचे तारांवर किती लक्ष असे, याची खूण म्हणजे 'आकडा'. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर लागणाऱ्या पैजांतूनच पुढे मटका जन्मला.) काही महिन्यांतच बीम सेवेने समुद्री तारांचा मोठा व्यवसाय ओढून घेतला. ईस्टर्न कंपनीच्या भागधारकांत घबराट पसरली आणि तारांचा धंदा गुंडाळण्याची भाषा सुरू झाली.

वेग आणि किंमत या दोन्ही कसोट्यांवर हरलेली तार तिथेच संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण साम्राज्याला तिसरी कसोटी आठवली. जानेवारी १९२८ मध्ये लंडनला साम्राज्याची बिनतारी व केबल परिषद भरली. तिथे पहिल्या महायुद्धाचा अनुभव ताजा होता. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनने जर्मनीच्या समुद्री तारा कापल्या होत्या. परिणामी जर्मनीला बिनतारीवर आणि परक्यांच्या तारांवर विसंबावे लागले, आणि ब्रिटिश गुप्तलेखनतज्ज्ञांना तिचे संदेश ऐकण्याची संधी मिळाली. हवेत सोडलेला शब्द कोणीही झेलू शकतो. समुद्रतळावरची तार चोरून ऐकणे फार अवघड. म्हणून तारा जिवंत ठेवायच्या, असे ठरले. पण तोट्यातल्या तारांना पोसणार कोण? तोडगा असा निघाला, की नफ्यातील बिनतारीला तोट्यातील तारेच्या गळ्यात बांधायचे. १९२९ साली दोन्हींची एक कंपनी झाली आणि १९३४ मध्ये तिने 'केबल अँड वायरलेस' हे नाव घेतले. भारतातही १९३२ साली 'इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी' स्थापन झाली. दिघी, दौंड आणि मुंबईची समुद्री तार एका छत्राखाली आली. १ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, ती सरकारने ताब्यात घेतली आणि तिचे नाव 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' झाले. १९८६ मध्ये तीच विदेश संचार निगम झाली.

स्वस्त सेवा मिळालेल्या ग्राहकाच्या दृष्टीने हे विलीनीकरण म्हणजे स्पर्धेचा गळा घोटणेच होते. ज्या तंत्राने दर खाली आणले, त्याच्याच कमाईतून महागड्या तारांचा संसार चालवला गेला. तरीही तारांचे जाळे टिकवण्याची ती सवय पुढच्या काळात कामी आली, असे म्हणावे लागते.

पुणे जिल्ह्याचे नशीब असे, की बिनतारीचा पुढचा मोठा अध्यायही इथेच लिहिला गेला. १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. जवळपास ३० मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे रोखलेली. आकाशाच्या लहरीपणाचा प्रश्न बराचसा मिटला, पण नवा उपजला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परतायला आणखी पाव. परदेशातील नातलगाशी बोलताना दोघेही एकदम बोलायला लागायचे आणि दोघेही एकदम थांबायचे, त्यामागे हे गणित होते.

इथे 'वेग' या शब्दात दडलेले दोन अर्थ वेगळे करायला हवेत, आणि इंदापूरकरांना त्यासाठी नीरा डावा कालवा पुरेसा आहे. वर दरवाजा उघडल्यावर पहिले पाणी शेतात पोहोचायला लागणारा वेळ ही एक गोष्ट. पोहोचल्यावर धार किती जाड आहे, ही दुसरी. उपग्रहाची धार जाड असली तरी पाणी उशिरा येते. तिसरी गोष्ट टेलच्या शेतकऱ्याला सांगायला नको: वरच्यांनी किती उपसले, यावर खालच्याचे आवर्तन ठरते.

पारडे पुन्हा तारेकडे झुकले ते काचेमुळे. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडले, की पुरेशी शुद्ध काच असेल तर प्रकाश तिच्यातून लांबवर संदेश नेऊ शकेल. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. १९९४ मध्ये 'सी-मी-वी २' ही प्रकाशतंतूंची समुद्री केबल मुंबईला लागली आणि पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुले केले. गंमत अशी, की अंतर कापण्याच्या बाबतीत हवा आजही काचेपेक्षा वेगवान आहे. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते, तर काचेतला प्रकाश सुमारे २ लाख. फायबर जिंकते ते धारेच्या जाडीवर, आणि ती धार पाऊस, झाडे वा शेजाऱ्याचा फोन यांनी पातळ होत नाही म्हणून.

धार नेहमीच जाड लागते असेही नाही. १९९८ साली कोल्हापूर-सांगली भागातील वारणेच्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प उभा राहिला. गावोगाव संगणक ठेवून ऊस उत्पादकांना कारखान्याशी जोडण्याची ती महत्त्वाकांक्षी योजना होती. काही वर्षांनी संशोधकांनी त्यांपैकी ७ गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले. ऊस किती गेला, खत किती उचलले, एवढीच माहिती शेतकऱ्याला हवी होती आणि ती दोन ओळींत मावत होती. प्रयोगाचे नावच 'वारणा अनवायर्ड' असे होते.

पण आज शेळगावातल्या घरात व्हिडिओवरचा वर्ग, सातबारा आणि सिनेमा एकाच वेळी चालतात. तिथे दोन ओळींनी भागत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून ती 'भारतनेट' म्हणून ओळखली जाते. उद्दिष्ट प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएस. या आराखड्यात मुख्य भर ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचण्यावर होता, प्रत्येक घरापर्यंत नव्हे. पंचायतीच्या कपाटापासून मळ्यातल्या वस्तीपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर हा खरा पेच. गावठाणात एका तारेवर डझनावारी घरे जोडता येतात. उसात विखुरलेल्या वस्त्यांवर एका घरासाठी अख्खी तार ओढावी लागते. म्हणून वस्तीवर टॉवरच पोहोचतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मोठ्या शहरांत सुरू झालेल्या ५जी घरगुती जोडणीचे नाव 'एअरफायबर' ठेवले गेले. नाव फसवे आहे, कारण घरापर्यंतचा टप्पा केवळ हवेचा आहे. पण टॉवरमागच्या तारेची अप्रत्यक्ष कबुली त्यात आहे.

घरगुती फायबरची क्षमताही साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, पण ती घरे मोजलेली असतात. टॉवरच्या छायेत किती जण येतील, याला मोजमाप नाही. तुकोबांची पालखी आषाढात बारामतीहून इंदापूरकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या टॉवरांवर एकाच वेळी हजारो फोन टेकतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला बोटभर धार येते. त्याच वेळी पंचायतीतल्या फायबरवर चालणाऱ्या संगणकाला बाहेरच्या गर्दीचा पत्ताही नसतो. दिंड्या निमगाव केतकीकडे सरकल्या, की टॉवर पुन्हा मोकळा होतो.