शेंगदाणा, सुपारी आणि आरोग्य-विद्यार्थ्यांची जाण

अन्नातल्या कर्करोगकारक पदार्थांविषयी नर्सिंगच्या किंवा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना किती जाण आहे, हे ‘अमुक पदार्थाने कॅन्सर होतो : हो की नाही’ एवढ्याच प्रश्नाने कळत नाही. त्यातून पाठांतर तेवढं तपासलं जातं. तो पदार्थ अन्नात येतो कुठून, कुणाला जास्त बाधतो आणि टाळायचा कसा, हे सांगता आलं तरच त्याला जाण म्हणावं.

अफलाटॉक्सिनचंच पाहा. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी दगावले आणि संशय त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीवर आला. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी पावसाने ताण दिला की शेतातच शेंगेत शिरते, ओलसर साठवणीत फोफावते. तिचं अफलाटॉक्सिन बी१ हे विष यकृतात रूप बदलून डीएनएला चिकटतं. हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग असलेल्या माणसाला त्याने यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे या विषाचा विचार लसीकरणापासून तोडता येत नाही.

घरोघरी सुपात दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे बाजूला काढतात. ही सवय मोलाची आहे, कारण भाजल्याने हे विष पुरतं जात नाही. पण बाजूला काढलेले दाणे घाण्यावर गेले, तर विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो. पेंड म्हशीपुढे जाते आणि तेच विष एम१ होऊन दुधात उतरतं. दुधात ते किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी आपल्याकडे मर्यादा आहे. हा प्रवास उलगडून सांगणारी विद्यार्थिनी मला नुसती यादी म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी तयार वाटते.

आणखी एक घोळ होतो तो कर्करोगकारकांच्या गटांचा. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात घातलं. तंबाखूही त्याच गटात आहे. म्हणून दोन्ही सारखेच घातक ठरत नाहीत. पुरावा किती पक्का, एवढंच गट सांगतो.

सुपारीही, तंबाखूशिवायची धरून, याच पहिल्या गटात आहे. आपल्याकडे ती जेवणानंतर तबकातून पुढे केली जाते, त्यामुळे तिला ‘व्यसने’ या सदरात टाकलं की खाणाऱ्यांतले अनेक जण हिशेबातूनच सुटतात. विद्यार्थ्यांची जाण तपासणाऱ्या प्रश्नावलीत ती अन्नाच्याच सदरात हवी. जोडीला असंही विचारावं : पेशंटचं तोंड पुरेसं उघडत नाही, तिखट लागलं की आग होते, आणि ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ असं तो सांगतो. त्याला काय सांगाल?