बर्फाच्या मुलखातील फुलबाग

या व्याख्यानासाठी आम्ही फुलबागेचा विषय निवडला आहे हे कळताच आमच्या काही सोबत्यांनी भुवया उंचावल्या. पगार, महागाई भत्ता, संप, तडजोड यांवर बोलण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने फुलांवर बोलावे, हे त्यांना विचित्र वाटले. "फुलबाग हा बंगलेवाल्यांचा शौक, कामगाराला त्याचे काय?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे आणि आजचे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर होय. मात्र त्यासाठी श्रोत्यांना आम्ही फार दूर नेणार आहोत. कॅनडाच्या मध्यभागी मॅनिटोबा, सॅस्कॅचेवान आणि अल्बर्टा असे तीन प्रांत आहेत. त्यांच्या दक्षिण भागात शेकडो मैल पसरलेले सपाट गवताळ माळरान आहे, त्याला प्रेअरी म्हणतात. जेथे फूल उमलणे हेच नवल, तेथे फुलबागेचा इतिहास काय झाला, हे पाहिले म्हणजे फूल कोणाचे याचा उलगडा आपोआप होतो.

प्रथम तेथील हवामान पाहू. विनिपेग शहराचे जानेवारीतील सरासरी तपमान उणे १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली की पारा उणे ४० पर्यंतही उतरतो. हिवाची भीती नसलेले दिवस वर्षातून जेमतेम चार महिने, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. पाऊस बेताचा आणि वाऱ्याला अडविणारा डोंगर नाही. परंतु निसर्गाने एका हाताने काढून घेतले ते थोडेसे दुसऱ्या हाताने परतही दिले आहे. जून महिन्यात तेथे दिवस सोळा तासांचा असतो. आपल्या पुण्यास तो तेरा तासांच्या थोडा वर. त्या लांब उजेडात रोप भराभर वाढते. बर्फही सर्वस्वी वैरी नव्हे. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून त्याच्या थराखालची जमीन वरच्या हवेहून पुष्कळच उबदार राहते. तेथील माळी बर्फाला भीत नाही. तो भितो बर्फावाचूनच्या थंडीला, आणि मध्येच ऊब येऊन कळ्या फसून जागा झाल्यावर पुन्हा पडणाऱ्या हिवाला. बर्फ ही त्याच्या मुळांची गोधडी आहे.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी या उजाड माळावर पहिले फूल लावले, असा एक समज आहे. तो खरा नाही. प्रेअरी क्रोकस नावाचे जांभळट फूल अंगावर रेशमी लव पांघरून, बर्फ पुरता वितळण्याआधीच माळावर वर येते. ते कोणी लावलेले नाही. १९०६ साली ते मॅनिटोबाचे राज्यपुष्प झाले. लावलेल्या फुलाचीही परंपरा जुनीच. याच माळाच्या दक्षिण अंगास, मिसुरी नदीच्या काठी, हिदात्सा नावाची जमात राही. तिच्यातील बफेलो बर्ड वुमन या वृद्ध स्त्रीने आपल्या शेतीची सारी हकीकत गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला सांगितली आणि ती १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीवरून कळते की, वसंतात नदीवरचा बर्फ फुटला की या बायका सर्वांत आधी सूर्यफूल पेरीत, आणि तेही शेताच्या कडेकडेने. बी भाजून त्याचे पीठ करीत आणि त्याचे लाडवासारखे गोळे प्रवासाला निघालेल्या पुरुषांबरोबर देत. शोभा आणि शिदोरी यांची फारकत त्या बागेत झालेली नव्हती.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही कहाणी गोड गोड होईल. १८७१ ते १८७७ या सात वर्षांत कॅनडा सरकारने या प्रदेशातील मूळ रहिवाशांशी एकामागून एक सात करार करून जवळजवळ सारा माळ आपल्या ताब्यात घेतला. ज्या गव्यांच्या कळपांवर क्री, ब्लॅकफूट इत्यादी जमाती जगत, ते कळप नाहीसे होऊन उपासमार आली होती. १८८५ नंतर तर राखीव वस्तीबाहेर पडावयाचे तरी त्यांना अधिकाऱ्याची चिठ्ठी लागू लागली. पुढील फुलबागा ज्या जमिनीत फुलल्या, ती जमीन अशी मोकळी करून घेतलेली होती. फुलांचा त्यात दोष नाही. परंतु इतिहास सांगणाऱ्याने मातीचा हा थर वगळून चालणार नाही.

१८८५ सालीच कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला. सरकारने या कंपनीला अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन दिली होती. जमीन विकावयाची तर गिऱ्हाईक हवे. आणि माळाची कीर्ती तर अशी की, तेथे गवताखेरीज काही उगवत नाही. १८५७ पासून या मुलखाची पाहणी करणाऱ्या पॅलिसरने दक्षिणेचा मोठा तुकडा शेतीस निरुपयोगी ठरविला होता. तेव्हा १८९० च्या सुमारास कंपनीच्याच नोकरीतील डेव्हिड हायसप या गृहस्थाने एक युक्ती सुचविली. जमीन सुपीक आहे असे छापून सांगण्यापेक्षा स्टेशनाच्या बाजूलाच बाग करा. गाडीच्या खिडकीतून उतारू स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. युक्ती लागू पडली. कंपनी बियांची पाकिटे आणि कंद फुकट वाटू लागली, बागांच्या स्पर्धा लावून बक्षिसे देऊ लागली. पुढे सॅस्कॅचेवानात वुल्झली येथे तिने स्वतःची रोपवाटिकाही काढली. उणे ४० अंशांच्या मुलखात लाकडी स्टेशनाशेजारी झिनिया, पॅन्सी, स्वीट पी यांचे ताटवे डोलू लागले.

हे ताटवे कोण राखी? बहुतेक ठिकाणी स्टेशनमास्तर, रुळांच्या टोळीचा मुकादम आणि त्यांच्या घरची माणसे. आणि हे सारे ड्यूटी संपल्यावरच्या वेळात. बी कंपनीचे, जमीन कंपनीची, जाहिरात कंपनीची. घाम मात्र नोकराचा, आणि त्याचा हिशेब पगारपत्रकात नाही. हे प्रथम वाचले तेव्हा आमच्यातील संघटक एकदम जागा झाला. ही तर वेठ! असा शेरा आम्ही वहीच्या समासात मारूनही ठेवला.

तो शेरा आम्ही पुढे पुसला नाही. पण त्याच्या खाली आणखी एक ओळ आम्हांस लिहावी लागली. जमीन विकण्याची घाई पहिल्या महायुद्धाबरोबर ओसरली. तरी बागा राहिल्या. युद्धाच्या वर्षांत तेथे भाजीपाला निघाला, मग पुन्हा फुले आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उतारू मोटारींकडे वळून स्टेशनेच ओस पडू लागली तेव्हा कोठे त्या मावळल्या. ज्याच्या खिडकीपासून क्षितिजापर्यंत दुसरे काहीच नाही, त्या स्टेशनमास्तराच्या घरी त्या ताटव्याचा उपयोग जाहिरातीपुरता नव्हता. मालकाने हेतूने दिलेली वस्तू कामगाराने आपल्या आनंदासाठी आपलीशी केली. वेठ ती वेठच. पण तिच्यात उमललेला आनंद खोटा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कबूल करावयास आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाला थोडा वेळ लागतो.

स्टेशनापासून दूर, शेतावरच्या झोपड्यांत, बागेची कहाणी निराळी. १८७२ च्या कायद्याप्रमाणे दहा डॉलर फी भरून १६० एकर मिळत. अट इतकीच की ठराविक वर्षे तेथे राहून जमीन कसावी व घर बांधावे. ही जमीन बहुधा पुरुषाच्या नावे होई. स्त्री स्वतः कुटुंबप्रमुख असेल तरच तिला ती मागता येई. तेव्हा दाराजवळचा तो वीतभर वाफा पुष्कळ घरांत एवढाच काय तो बाईच्या मर्जीचा. पण पहिला शत्रू वारा. वाऱ्यापुढे झाड टिकत नाही आणि झाडाच्या आडोशाशिवाय फूल टिकत नाही. हा गुंता एकट्या कुटुंबाने सुटणारा नव्हता. तो सार्वजनिक पैशाने सुटला. १८८६ साली सरकारने प्रायोगिक शेतीची केंद्रे काढण्याचा कायदा केला. त्यांपैकी ब्रँडन आणि इंडियन हेड ही दोन केंद्रे या माळावर आली. पुढे इंडियन हेडलाच १९०१ पासून सरकारी रोपवाटिका शेतकऱ्यांना झाडांची रोपे वाटू लागली. सायबेरियाकडून आलेले कॅरागाना नावाचे पिवळ्या फुलांचे चिवट झुडूप या कुंपणात मुख्य. त्याची रांग वारा अडवी, हिवाळ्यात बर्फ धरून ठेवी. मग त्या आडोशाला पिओनी, डेल्फिनियम, लिली तग धरीत. ११२ वर्षांत या एका रोपवाटिकेने साठ कोटींहून अधिक रोपे वाटली.

आडोसा झाला, आता जात हवी. युरोपातील नाजूक गुलाब तेथे कलमाच्या जोडापर्यंत मरून जाई. येथे दोन माणसांची नावे आम्ही आदराने घेतो. पहिले फ्रँक स्किनर. जन्म १८८२, स्कॉटलंडमधील. १८९५ साली पोरवयात मॅनिटोबातील ड्रॉपमोर या खेड्यात आले. कॉलेजचे तोंड विद्यार्थी म्हणून त्यांनी पाहिले नाही. तरुणपणी न्यूमोनियाने फुप्फुस अधू झाले, जड काम बंद झाले, आणि हा माणूस पुस्तकांकडे व रोपांकडे वळला. बोस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटमपासून दूरदूरच्या उद्यानांशी त्यांनी पत्रव्यवहार करून बी मिळविले. कोरियाकडील लायलॅक आणि युरोपातील लायलॅक यांच्या संकरातून त्यांनी लवकर फुलणाऱ्या काटक जाती काढल्या. त्यांतली 'पोकाहॉन्टस' १९३५ सालची. मॅनिटोबातील रानवेलीचा अंश घेऊन त्यांनी केलेला 'ड्रॉपमोर स्कार्लेट' हा लाल हनीसकल आज कितीतरी थंड देशांत दारावर चढलेला असतो. १९४७ साली मॅनिटोबा विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. शाळेपेक्षा वाचनालयात अधिक शिकलेल्या आमच्यासारख्याला ही नोंद वाचून किती बरे वाटले असेल, हे श्रोते ओळखतीलच.

दुसरे जॉर्ज ब्यूने. १९०५ साली फ्रान्समधून अल्बर्टात आलेला हा शेतकरी फ्रेंच भाषेतील कादंबरीकारही होता. माळावरचा काटेरी रानगुलाब, जो १९३० पासून अल्बर्टाचे राज्यपुष्प आहे, आणि रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचाट्का भागातील गुलाब यांच्या संकराची खटपट त्यांनी वर्षानुवर्षे केली. त्यातून १९५० साली 'तेरेझ ब्यूने' हा गुलाबी गुलाब बाहेर पडला. तो स्वतःच्या मुळांवर वाढतो. थंडीने शेंडे जाळले तरी खालून पुन्हा फुटतो. रानफुलाला हलके न मानता त्याच्याशी नाते जोडले, हीच यशाची किल्ली. मॉर्डनच्या सरकारी केंद्रातून १९७३ साली आलेल्या 'ॲडलेड हूडलेस' या लाल गुलाबातही प्रेअरीच्या रानगुलाबाचे रक्त आहे.

आता आनंदाचा प्रश्न. या बागेचा आनंद फुलापुरता नाही, तो वाट पाहण्यात आहे. जानेवारीत बाहेर पारा गोठला असता शेगडीपाशी बसून बियांची यादी वाचणे, मार्चमध्ये खिडकीत डब्यांतून रोपे करणे, मेच्या शेवटी ती बाहेर लावणे, आणि सप्टेंबरात हिवाची चाहूल लागताच जुनी चादर नेऊन झिनियावर पांघरणे. आपल्याकडे दसऱ्याला राशीने विकला जाणारा झेंडू तेथे असा लेकरासारखा जपावा लागतो. परंतु या सर्वाला एक वस्तू लागते: वेळ. लांब उजेडाची संध्याकाळ सर्वांना सारखी मिळते, पण कारखान्यातून थकून आलेल्याच्या ती हाती लागत नाही. १५ मे १९१९ रोजी विनिपेगमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे तीस हजार कामगार बाहेर पडले. रास्त वेतन, संघटनेला मान्यता आणि कामाचे कमी तास यांसाठी तो लढा होता. २१ जूनला गोळीबार होऊन दोघे प्राणास मुकले आणि २६ जूनला संप मागे घ्यावा लागला. रोपे बाहेर लावण्याचे नेमके तेच सहा आठवडे. संपाच्या मागण्यांत फुलांचे नाव नव्हते, असण्याचे कारणही नाही. पण कमी तास मागणारा माणूस त्या तासांत काय करू इच्छितो, हे मालक विचारीत नाही आणि पुष्कळदा आम्ही संघटकही विचारीत नाही. उत्तर असे साधे असू शकते: अंधार पडण्यापूर्वी वाफ्याला पाणी घालावयाचे आहे.

इंडियन हेडच्या रोपवाटिकेतून सरकारने २०१३ साली अंग काढून घेतले. आता मोठ्या यंत्रांना आड येतात म्हणून जुन्या झाडांच्या रांगाही कित्येक ठिकाणी उपटल्या जात आहेत. एका पिढीने सामाईक खर्चाने उभारलेला आडोसा दुसऱ्या पिढीला अडचण वाटू लागतो, याची उदाहरणे आपल्याकडेही शोधावी लागणार नाहीत. स्किनर १९६७ साली वारले. ब्यूने १९८१ साली, वयाची शंभरी उलटून. त्यांची झुडपे मात्र बागाबागांतून उभी आहेत आणि शेजारी शेजाऱ्याला त्यांची फांदी किंवा मुनवा तोडून देतो, तेव्हा कोणी पावती मागत नाही.

फुलबाग कामगाराला काय, असे विचारणाऱ्या आमच्या सोबत्यांस आमचे उत्तर इतकेच: फूल ज्याने लावले त्याचे, आणि लावावयास वेळ नसेल तर तो वेळ मिळविणे हेही संघटनेचेच काम आहे.