कुंडापासून मिलिमीटरपर्यंत

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा मुलूख होय. तेथे ‘पाऊस बरा झाला’ एवढ्याने भागत नाही. रोवणीपूर्वी बांधीत किती पाणी आले, हे कळावे लागते. आता घरच्या अंगणातही लहान हवामानयंत्रे बसविता येतात व आकडे घरबसल्या मिळतात. परंतु त्या आकड्यांमागील संज्ञा कशा घडल्या, हे जाणल्यावाचून त्यांचा अर्थ उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

पाऊस मोजण्याची आपली रीत प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे हातभर, रुंद तोंडाचे कुंड ठेवावयास सांगितले आहे. पेरणी कोणती करावी हे ठरविण्यासाठी त्यात देशोदेशींचे पर्जन्यमानही दिले आहे: अश्मकात १३॥ द्रोण, अवंतीत २३ द्रोण, आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, अमित! पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हातभर रुंद कुंडच घेऊन ५० पळांचा एक आढक सांगितला. चार आढकांचा एक द्रोण होतो.

आढक व द्रोण ही साठलेल्या पाण्याची मापे. कुंड मोठे घेतले की आकडा वाढणारच. म्हणून त्याचे तोंड नेमून देणे भाग होते. मिलिमीटर मात्र पाण्याची उंची सांगतो. भांडे सरळ बाजूंचे असले की तोंड केवढेही असो, उंची तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, अर्थात एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी.

मापाइतकीच वेळही नेमलेली हवी. १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खाते सकाळी ८॥ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८॥ असा पावसाचा दिवस धरते, त्यात २.५ मिलिमीटर वा अधिक पाणी पडले, तरच तो ‘पर्जन्यदिन’. घरचे भांडे भलत्याच वेळी रिकामे केल्यास खात्याच्या आकड्याशी त्याचा मेळ बसत नाही.

वायुदाबाचेही तसेच. समुद्रसपाटीस तो सरासरी १,०१३ हेक्टोपास्कल असतो आणि दर नऊ मीटर चढास सुमारे एकाने उतरतो. लालबर्रा सुमारे ३०० मीटर उंचीवर असल्याने तेथे मूळ आकडा तीस-पस्तीसने कमीच दिसणार. उंचीची ही दुरुस्ती यंत्रात केली नाही, तर निरभ्र दिवशीही वादळाची धास्ती वाटावयाची!

यंत्रे पालटली, तरी नेम पालटला नाही: माप, वेळ व पातळी आधी ठरवावी, मगच आकड्यावर विसंबून बियाणे शेतात टाकावे.