ट्रॉम्बेच्या आधीचे भाभा

नाहूरच्या आमच्या सोसायटीत यंदाच्या गणपतीत मुलांसाठी प्रश्नमंजूषा होती. मी विचारले, 'डॉ. होमी भाभा यांनी कोणते संशोधन केले?' 'अणुभट्टी', 'अणुबॉम्ब' अशी उत्तरे आली. ट्रॉम्बेहून निवृत्त झालेले आमचे शेजारी हसून म्हणाले, "सर, मोठ्यांना विचारा, हेच सांगतील." ते खरेच होते. भारताची पहिली अणुचाचणी १९७४ची. भाभा २४ जानेवारी १९६६ रोजीच विमान अपघातात गेले होते. मग त्यांचे स्वतःचे संशोधन कोणते?

भाभांचा जन्म मुंबईतला, ३० ऑक्टोबर १९०९चा. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले ते यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला. पुढे टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हावे, हा घरच्यांचा बेत. पण १९२८ मध्ये त्यांनी वडिलांना कळवले, की आपला ओढा भौतिकशास्त्राकडे आहे. वडिलांनी अट घातली : आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग गणिताचा खर्च मी करीन. १९३० मध्ये अट पुरी झाली. नंतर ते झुरिचला पाउली आणि रोमला फर्मी यांच्याकडेही शिकून आले.

पुंजभौतिकीचा तो उमेदीचा काळ. पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच धनभारित जोडीदार, १९३२ मध्ये सापडला होता. हे दोघे एकमेकांवर आदळले, तर कोणत्या दिशेला किती विखुरतील? त्यांना दोन निराळे कण मानून हिशेब मांडता येत होता. पंचविशीतल्या भाभांनी दाखवले, की तो अपुरा आहे. ही जोडी नष्ट होऊन पुन्हा निर्माण होऊ शकते. ती शक्यताही हिशेबात धरली पाहिजे. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम आज जगभर 'भाभा स्कॅटरिंग' या नावाने ओळखले जाते.

धान्य मोजायचे तर आधी पायली खरी लागते. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात चाललेल्या 'लेप' यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे झोत एकमेकांवर आदळत. टकरींचे प्रमाण ठरवण्याची पायली होती भाभा स्कॅटरिंग. अल्प कोनात विखुरलेले कण मोजायचे आणि सूत्राशी ताडून पाहायचे.

१९३७ मध्ये भाभा आणि हाइटलर यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचे कोडे उलगडले. वेगवान इलेक्ट्रॉनमधून फोटॉन, फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्या जोडीतून पुन्हा फोटॉन. असा तो गुणाकार.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटले आणि ते बंगळूरला राहिले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हेही त्यात होते. हिरोशिमाला अजून वर्षाहून अधिक काळ होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, १९५४ मध्ये ट्रॉम्बेचे केंद्र उभे राहिले, १९५६ मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. या व्यापात त्यांचे स्वतःचे संशोधन मात्र मागे पडले.

त्यांनी उभारलेल्या संस्था आपल्याला दिसतात. ज्या कुतूहलातून त्या उभ्या राहिल्या, ते विसरले जाते. केवळ उपयोगाचेच विज्ञान मुलांना ठाऊक असेल, तर पुढचा भाभा वडिलांना पत्र कशासाठी लिहील?

पुढच्या गणपतीतही मी हाच प्रश्न विचारणार आहे. उत्तर मात्र आधी शिकवीन.