मच्छरदाणी धुतल्यावरही मारते का?

आमच्या अकोल्याकडच्या जुन्या घराच्या दारावर फवारणीची तारीख गेरूने लिहिलेली असायची. आजी म्हणायची, "ढेकूण मेले बाप्पा, पण भिंत पार खराब केली!" ते औषध म्हणजे डीडीटी.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे. 1953 ला नियंत्रण कार्यक्रम आला, 1958 ला थेट निर्मूलनाचा. 1965 पर्यंत रुग्ण लाखावर आले. आणि 1976 ला? 64 लाखांच्या वर! औषधाचा तुटवडा, ढिलाई, अशी कारणं बरीच होती. पण एक खूण आधीच दिसली होती. 1959 मध्ये पंचमहाल जिल्ह्यात अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसिस हा डास डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद झाली. आपला विदर्भ आणि ते पंचमहाल तेव्हा एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते. हाच डास आपल्याकडेही नदीच्या डबक्यांत, कालव्यांत वाढतो आणि दिवसा गोठ्यात बसतो.

आता भिंतीऐवजी जाळीला औषध आहे. 2009 पासून सरकारी कार्यक्रमात दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधभारित मच्छरदाण्या आल्या. जाळीच्या धाग्यातलं औषध पायरेथ्रॉइड गटातलं, म्हणजे डेल्टामेथ्रिन वगैरे. कापूसवाल्यांना नाव ओळखीचं वाटेल. बोंडअळीवर आपण हेच मारलं, आणि अळी पुढे मरेना तेव्हा डोस वाढवत बसलो. फवाऱ्याचं औषध शेतातून ओढ्यात उतरतं, तिथे डासाच्या अळ्या असतात.

अजून एक गोम आहे. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड डासाच्या मज्जातंतूत एकाच जागी मारा करतात. त्यामुळे एकाला सरावलेला डास दुसऱ्यालाही पचवू शकतो. 2002 मध्ये सुरत जिल्ह्यात याच डासाने डेल्टामेथ्रिनला दाद न दिल्याची नोंद आहे.

म्हणून जाळीची परीक्षा लागते. ती साधी आहे. जाळीवर प्लॅस्टिकचं शंकूसारखं भांडं उपडं लावायचं, आत पाच माद्या सोडायच्या, तीन मिनिटांनी काढायच्या. तासाभराने किती आडव्या पडल्या ते मोजायचं, चोवीस तासांनी किती मेल्या ते. शेजारी बिनऔषधाची जाळीही लावायची, नाहीतर डास उन्हाने मेला की औषधाने, कळणार कसं? वीस वेळा धुतल्यावरही शंभरात 95 आडव्या पडल्या किंवा 80 मेल्या, तर जाळी पास.

पण हे प्रयोगशाळेतलं धुणं झालं. मेळघाटात जाळी नदीवर दगडावर आपटली जाते, कडक उन्हात वाळते, चुलीच्या धुराने काळी होते. गावातल्या दोन-तीन वर्षं वापरलेल्या जाळ्या परत आणून, तिथल्याच डासांवर हीच परीक्षा घ्यायला हवी. फाटली नसली तरी तिच्यात औषध उरलंय का, ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

धारणी, चिखलदऱ्याकडच्या मित्रांनो, तुमच्या गावात वाटप झालं असेल तर ती जाळी किती सालची आहे ते बघून खाली लिहा. आणि नंतर कुणी तपासायला घेऊन गेलं होतं का, तेही.