चाळीस रात्रींचा हिशेब

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एखादा गरीब उमेदवार पोरगा रात्री कुठे झोपतो, यावरून दोन गावांत कज्जे होत. तो जन्मला कुठे, राबतो कुठे, याला मग फारसं महत्त्व उरत नसे. उमेदवारीच्या करारात असताना ज्या पॅरिशमध्ये त्याने शेवटच्या चाळीस रात्री काढल्या, ते त्याचं गाव. पुढे तो आजारी पडला, म्हातारा झाला किंवा बायकापोरांसह उघड्यावर आला, तर त्याला पोसायची जबाबदारी त्याच गावाची.

पॅरिश म्हणजे चर्चभोवतीचा गावकारभार. राणी एलिझाबेथच्या 1601 च्या कायद्याने गरिबांना पोसण्याचा भार या गावांवर टाकला आणि त्यासाठी जमीनजुमल्यावर कर बसवायची मुभा दिली. कर गोळा करून वाटायचं काम ओव्हरसियरकडे. हा बहुधा गावातलाच शेतकरी किंवा दुकानदार. वर्षभर बिनपगारी ही जबाबदारी सांभाळायची आणि पुढच्याच्या गळ्यात घालायची. ज्यांचे आईबाप पोटाला घालू शकत नाहीत, अशी मुलं दोन मॅजिस्ट्रेटच्या संमतीने कुणाच्याही घरी उमेदवार म्हणून बांधून द्यायचा अधिकार कायद्याने त्याला दिला होता. मुलगा चोवीस वर्षांचा होईपर्यंत, मुलगी एकवीस वर्षांची होईपर्यंत किंवा तिचं लग्न होईपर्यंत. मुलांची मर्यादा एकवीसवर यायला 1778 साल उजाडावं लागलं.

ही मुलं सगळीच अनाथ नव्हती. पुष्कळांचे आईबाप त्याच गावात मजुरी करत होते. त्यांची संमती कायद्याला लागत नसे, आणि नाही म्हणायचं तर गावाकडून मिळणारी मदत बंद व्हायची भीती.

खरी उमेदवारी वेगळी असे. बाप मालकाला रक्कम मोजून पोराला सुतार, घड्याळजी किंवा शिंप्याकडे ठेवी, आणि सातेक वर्षांनी पोरगा हातात कसब घेऊन बाहेर पडे. पॅरिशच्या पोराच्या करारपत्रात मात्र बहुधा मुलगा असेल तर ‘शेतकाम’ आणि मुलगी असेल तर ‘घरकाम’ लिहिलेलं असे. सात-आठ वर्षांच्या पोराला पक्षी हाकलायला आणि डुकरं राखायला शिकवण्यासाठी पंधरा वर्षं कशाला लागतात, हा प्रश्न सही करणाऱ्यांना पडला नसावा. किंवा पडला असेल, पण वहीतला खर्च कमी होत होता ना!

त्यात 1691 च्या कायद्याने उमेदवारीला वास्तव्याच्या हक्काशी जोडलं, आणि ओव्हरसियरांना युक्ती सापडली. काही पौंड आणि कपड्यांचा एक जोड देऊन पोराला शेजारच्या गावातल्या मालकाकडे पाठवायचं. चाळीस रात्री उलटल्या की आपली पीडा टळली, ती त्यांच्या गळ्यात. शेजारचं गावही काही दूधखुळं नसे. मग करारपत्रावर सही नीट झाली होती का, पोरगा खरोखर कुठे झोपत होता, यावर न्यायालयात कीस पडे.

मालकांनाही हा पाहुणा नकोच असे. म्हणून 1697 मध्ये सक्ती आली: नेमून दिलेलं पोर नाकारलं तर दहा पौंड दंड. डेव्हनमध्ये ही पद्धत सर्वांत खोल रुजली. तिथे पोरं शेतांवर पाळीपाळीने किंवा चिठ्ठ्या टाकून वाटली जात. चार्ल्स व्हँकूव्हर याने 1808 मध्ये डेव्हनच्या शेतीची पाहणी लिहिली, तेव्हा रस्ते खरवडणाऱ्या, शेणखत उपसून भरणाऱ्या उमेदवार मुली त्याच्या नजरेत खुपल्या. म्हणजे करारातलं ‘घरकाम’ उंबऱ्याबाहेर उकिरड्यापर्यंत पोचलं होतं. सरकारी चौकशीचा 1843 चा अहवाल तर अशा उमेदवारीतून गेलेल्या बायकांच्याच तोंडून बोलतो: पहाटेच्या अंधारात उठून गुरं, मग नांगरामागे, मग बर्फात सलगम उपटणं. मुलगे करत ते सगळं.

सगळेच मालक राक्षस नव्हते. काही शेतांवर पोरांना घरच्यापेक्षा बरं जेवण मिळे. पण चांगला मालक मिळणं हा नशिबाचा भाग. कायद्याने त्याची हमी घेतली नव्हती. प्लिमथच्या गरीबखान्यातला जॉन किट्टो हा बहिरा मुलगा 1821 मध्ये एका चांभाराकडे बांधला गेला. मालकाने इतका छळ केला, की मॅजिस्ट्रेटनी करार मोडला. हाच किट्टो पुढे बायबलचा नावाजलेला अभ्यासक झाला. तो लिहू शकत होता म्हणून त्याची तक्रार आपल्यापर्यंत पोचली. बहुतेकांना अक्षर येत नव्हतं.

नद्यांकाठी सूतगिरण्या उभ्या राहिल्या तसं शहरी पॅरिशना मोठं गिऱ्हाईक मिळालं. लंडनची पोरं आता घाऊक भावात खेड्यापाड्यांत जाऊ लागली. सेंट पँक्रसच्या गरीबखान्यातला रॉबर्ट ब्लिंको 1799 मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आणि नंतर डर्बीशरमधल्या गिरणीत राबला. 1828 मध्ये छापून आलेल्या त्याच्या हकिगतीतली मारहाण वाचवत नाही. चेशरमधल्या स्टायल गावची सॅम्युएल ग्रेगची गिरणी बरी मानली जाई. मुलांसाठी वेगळं घर, ठरलेला डॉक्टर. तरीही 1806 मध्ये थॉमस प्रीस्टली आणि जोसेफ सेफ्टन हे दोन मुलगे तिथून पळाले आणि आयांना भेटायला लंडनला पोचले. तेरा वर्षांच्या थॉमसचं बोट यंत्रात सापडलं होतं.

कायदे आले, पण ठिगळं लावल्यासारखे. 1802 च्या कायद्याने गिरणीतल्या उमेदवारांचं काम बारा तासांवर आणलं आणि एका बिछान्यावर दोघांपेक्षा जास्त मुलं झोपवायची नाहीत असं ठरवलं. यावरून आधी काय चाललं होतं ते कळावं. 1816 मध्ये नऊ वर्षांखालच्या पोरांना बांधून देण्यावर बंदी आली, आणि लंडनच्या पोरांना चाळीस मैलांपलीकडे पाठवणं थांबलं. मालकांवरची सक्ती 1844 मध्ये गेली.

तिकडे ही पद्धत मोडकळीला येत असताना तिचा एक फाटा इकडे आला. कंपनी सरकारने 1850 मध्ये हिंदुस्थानासाठी उमेदवारीचा कायदा केला. अनाथ, टाकून दिलेल्या किंवा भटकेपणाबद्दल शिक्षा झालेल्या मुलांचा पालक म्हणून मॅजिस्ट्रेटला करार करता येई. मुंबईत 1857 मध्ये सुरू झालेल्या डेव्हिड ससून सुधारगृहात या कायद्याखाली मुलं पाठवली जात. स्वतंत्र भारताने 1961 मध्ये उमेदवारीचा नवा कायदा केला, तेव्हा तो जुना कायदा रद्द झाला.