चंद्रधुळीची चित्रे

चांद्रमोहिमांची दप्तरे विपुल आहेत : छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, खडकांची मोजमापे. तथापि त्या मोहिमांचा एक इतिहास लाकडी फळ्यांवर हातोडीच्या घावांनीही लिहिला गेला आहे. वाचकांस त्याचा अल्प परिचय करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६२ मध्येच आपले कार्य चित्रित करण्यासाठी चित्रकारांना पाचारण करण्याची योजना आखली. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे उड्डाण पाहिल्यावर रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी छायाचित्रे, आराखडे व रेखाटने यांची सांगड घालून ‘स्टोन्ड मून’ ही शिळामुद्रणांची मालिका सिद्ध केली. परंतु हे सारे तीरावरचे प्रेक्षक. चंद्रभूमीवर प्रत्यक्ष वावरलेला चित्रकार म्हणजे ॲलन बीन.

बीन हे नौदलाचे चाचणी वैमानिक. त्याच काळात ते संध्याकाळच्या वर्गात चित्रकला शिकले. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी, अपोलो १२ मोहिमेत, ते पीट कॉनरॅड यांच्यासह चंद्रावरील ‘वादळांच्या महासागरा’त उतरले. चंद्रावर चालणारे ते चौथे मानव. तेथे दूरचित्रवाणीचा रंगीत कॅमेरा हलविताना त्यांच्या हातून तो सूर्याकडे वळला व निकामी झाला. पुढील दृश्य जगास दिसलेच नाही. जे तेव्हा दिसले नाही, ते दाखविण्यात पुढे त्यांचे उत्तरायुष्य वेचले गेले.

१९८१ मध्ये अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचे काम सोडून त्यांनी कुंचला हाती घेतला. विमानासाठी वापरतात तशा प्लायवूडवर ते जाड लेप देत. तो ओला असतानाच त्यावर चंद्रावर वापरलेल्या हातोडीचे घाव, माती काढण्याच्या नळीच्या तोंडाची वर्तुळे व चांद्रबुटांचे ठसे उमटवीत. आपल्या पोशाखावरील मोहिमेच्या बिल्ल्यांचे धुळीने माखलेले बारीक तुकडेही ते त्यात मिसळीत. त्यावर ॲक्रिलिक रंग चढे. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वायू व अवकाश संग्रहालयात या चित्रांचे प्रदर्शन भरले. २६ मे २०१८ रोजी बीन निवर्तले.

चंद्र करडा असताना त्यांनी त्यास जांभळ्या, नारिंगी छटा दिल्या. हा इतिहासाचा विपर्यास नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ठसे व धूळ हा तेथील पुरावा. रंग हा पाहणाऱ्याच्या मनाचा. दप्तरात पहिला जपला जातो, दुसरा सांगणाऱ्याबरोबरच नाहीसा होतो. बीन यांनी दोन्ही एकाच फळीवर ठेवले. दूरदेशी पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळाने आपल्या इतिवृत्तांच्या शेजारी वडीलधाऱ्यांच्या आठवणीही अशाच वेळीच लिहून ठेवाव्यात.